कामाच्या वेळेतली बायको

प्रिय इनग्यू,

थोंगयंगला आईकडे पोचले, हे तुला कळवलंच होतं. कालवांचा हंगाम आहे, आईला मदत हवी म्हणून आले, असंही कळवलं होतं. त्यात खोटं काही नाही, पण खरंही फारसं नाही. तू एकटाच पुढे परदेशी गेलास, आणि दानांगहून रोज विचारतोस, कधी येतेस, तिकीट काढू का? अरे, मी येईन की नाही हेच माझं ठरत नाहीये, आणि ते तुझ्या एका उत्तरावर अडलंय. ऑफिसच्या चॅटच्या खिडकीत लिहिलं असतं तर उत्तर लगेच आलं असतं. मला लगेच उत्तर नकोय, म्हणून हा कागद.

सोल सोडलं तेव्हा किती हरखलो होतो आपण! कंपनी म्हणाली कुठूनही काम करा, आणि आपण घर सोडून बॅगा भरल्या. एक महिना नामहे, मग गांगनुंग. लोक म्हणायचे, मजा आहे बुवा तुमची! मजा कसली, पहिल्याच आठवड्यात समुद्र बघत बसलो आणि कामाचे तीनतेरा वाजले. मग आपण नियम केले. टेबल भिंतीकडे तोंड करून लावायचं. सकाळी बूट घालून घराला एक फेरी मारायची आणि ‘आलो कामावर’ म्हणत आत यायचं. आपापले फोन खणात. आणि कामाच्या वेळेत नवराबायको नाही. ऑफिसात होतो तसंच, आडनावाला हुद्दा जोडून हाक मारायची. स्वयंपाकघरात येऊन तू अदबीने विचारायचास, ‘छा देरीनिम, मीठ कुठे ठेवलंत?’ हसून हसून पुरेवाट व्हायची माझी.

काम मात्र झपाट्याने व्हायला लागलं, नाही कशाला म्हणू? वरच्यांनी तुझी पाठ थोपटली, तुला टीमचा प्रमुख केलं, आणि तिथेच बिनसलं बघ. सोलमध्ये बसलेल्यांना वाटायला नको की हा वाळूत लोळतोय, म्हणून तू प्रत्येक निरोपाला क्षणात उत्तर द्यायला लागलास. ‘नेप!’ घरातलं साधं हो नाही, ऑफिसातलं ते तुटक, तत्पर नेप. निरोप वाचायच्या आधीच बोटांतून नेप. संध्याकाळी लॅपटॉप मिटायचा, हुद्दा काही मिटायचा नाही. माझ्या वाढदिवसाला तू रीतीप्रमाणे समुद्रशेवाळाचं सूप केलंस, शिंपले घालून, स्वतःच्या हाताने. पण कॅलेंडरात ते बैठक म्हणून टाकलंस, आणि माझी वाटी रिकामी झाल्यावर म्हणालास, ‘आज छान काम केलंत.’ मी हसले. तू हसला नाहीस, कारण तू गंमत केलीच नव्हतीस. फार एकटं वाटलं रे तेव्हा, तू समोर बसलेला असताना.

आई दिवसभर शेडमध्ये कालवं फोडते, आणि तिच्या सुरीपेक्षा तिची जीभ धारदार. ‘जावईबापू कामावर आहेत की सहलीवर, एकदा काय ते ठरवा म्हणावं. परदेशात जाऊन भिंतीकडेच तोंड करून बसायचं, तर आमची शेड काय वाईट? इथेही भिंतच आहे की!’ बाकीच्या बायका खो खो हसतात, मीही हसते. पण परवा मी एक कच्चं कालव तोंडात टाकायला गेले, तर तिने ते हातातून काढून घेतलं. विचारलं काहीच नाही. मी शेडच्या मागे जाऊन रडून घेतलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गांगनुंगच्या शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यात जाऊन आले होते. घरी पोचले तर तू बैठकीत, फोन खणात. सांगायला जीव नुसता उतावीळ झाला होता. म्हणून ऑफिसच्याच खिडकीत, आपल्याच खेळात लिहिलं: ‘टीमप्रमुखांना नम्र निवेदन. येत्या शरदात आपल्याकडे एक नवीन सदस्य रुजू होत आहे. मान्यता असावी.’ आणि दाराआड उभी राहिले, आता हा खुर्ची ढकलून धावत येणार म्हणून. उत्तर आलं, ‘नेप! सध्या नवीन माणूस झेपणार नाही. यंदा नको म्हणून कळवा.’ संध्याकाळी तू बिअर उघडलीस आणि दानांगच्या खोलीचे फोटो दाखवत बसलास. मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिले, विचारायचा धीर झाला नाही. रोज मनाला समजावते, त्याला कंपनीतली भरती वाटली असणार, दुसरं काय! पण मग तो माणूस कोण, कुठल्या कामासाठी, हे तू एकदाही कसं विचारलं नाहीस? इनग्यू, ते आपल्या बाळाबद्दल होतं. तुला कळलं नसेल तर इकडे ये, मनसोक्त भांडू. आणि कळून लिहिलं असशील, तर माझं तिकीट काढू नकोस.

अजून तरी तुझीच,
दामी