केळ्याची शपथ

मोहोपाडा, शनिवार

आदरणीय व्याहीबुवा चांगोशेठ यांना सखाचा कमरेतून वाकून नमस्कार (गुडघ्यांमुळे त्याहून खाली जाता येत नाही, गेलो तर उठवायला माणसं लागतात). विहीणबाई येसूबाईंना नमस्कार आणि जावईबापू हर्षदरावांना आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तिकडेही सर्व कुशल असेलच, असं लिहायची पद्धत आहे, पण या वेळी मी पद्धत म्हणून विचारत नाही. तुम्ही बरे आहात ना? पायांवर सूज? दम? छातीत धडधड? जेवण जातं का? कृपा करून 'ठीक आहे' असं मोघम कळवू नका. एकेका गोष्टीचं वेगळं उत्तर द्या, म्हणजे मला एकेका गोष्टीची काळजी सोडता येईल.

हातात मोबाईल असताना हा माणूस पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. तर तुमचा मोबाईल कायम विहीणबाईंकडे असतो, आणि त्या तो कायम स्पीकरवर लावतात. मी 'हॅलो' म्हटलं की तुमच्या ओटीवरची चार माणसं मला 'हॅलो' म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपचं तर नावच नको. साखरपुड्यानंतर दोन्ही घरांचा जो ग्रुप निघाला, त्यात मी चुकून माझ्या मूळव्याधीच्या औषधाचा फोटो टाकला आणि त्याला अकरा जणांनी अंगठे दाखवले. म्हणून हे पत्र टेंपोवाल्या गजाच्या हाती देतो आहे. तो दूरच्या नात्याने तुमचाही आणि आमचाही, शिवाय त्याला वाचायचा कंटाळा आहे.

आता मुद्द्याचं. साखरपुड्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर आमच्या परसातली केळी मी तुमच्यापुढे ठेवली, हे तुम्हाला आठवत असेल. वेलची केळी, मोरीच्या पाण्यावर वाढलेली, माळ्यावर पेंढ्यात पिकवलेली. केळ्याने रक्तदाब ताब्यात राहतो, पोट साफ होतं, पायात गोळे येत नाहीत, दमलेल्या माणसाला लगेच ताकद येते, हे सगळं मी तुम्हाला सांगितलं (यातलं बरंचसं आजही खरं आहे, फक्त कुणासाठी, हे सांगायचं राहिलं). हे सगळं पोटॅशियममुळे होतं, असंही मी वर ठणकावून सांगितलं. व्याहीबुवा, मी रसायनीच्या कारखान्यात उभा जन्म सेफ्टी खात्यात काढला. हाच शब्द तिथे पिंपांवर लाल अक्षरांत लिहिलेला असायचा, तेव्हा मी चार हात लांब उभा राहून दुसऱ्यांनाही मागे ओढायचो. जिन्याला, नळाला, चहाच्या किटलीलासुद्धा मी धोक्याची पाटी लावली आहे. सगळ्या जगात एक केळंच असं होतं की ज्याला पाटी लावायचं माझ्या कधी मनात आलं नाही.

पहिलं केळं तुम्ही हातात घेऊन बराच वेळ बघत बसलात. मला वाटलं, वाण निरखताय. दुसऱ्याला तुम्ही विहीणबाईंकडे चोरून पाहिलंत, तर मला वाटलं, त्यांना द्यायचं मनात आहे (म्हणून मी त्यांना वेगळी फणी दिली). तिसऱ्याला तुम्ही 'आता पुरे' म्हणालात, तेव्हा मी ते सोलून माझ्या हाताने तुम्हाला भरवलं. मग तुम्हीही एक सोलून मला भरवलंत, आमच्या मुलाने, विपुलने फोटो काढला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इथवर सगळं लोकांसमोर झालं. पण तुम्ही निघालात तेव्हा गाडीत अख्खा घड ठेवून मी तुमच्या कानाशी जे बोललो, ते तुम्हाला आणि मलाच माहीत आहे. मी म्हणालो, लग्नापर्यंत रोज एक केळं खायचं, नाही खाल्लंत तर तुम्हाला माझ्या लेकीची, रुचिताची शपथ. तुम्ही माझा हात दाबलात आणि गाडीत बसलात. मला त्या वेळी फार बरं वाटलं. आपला व्याही केळ्याची किंमत जाणणारा आहे, असं मी रात्री आमच्या सौ.ला सांगितलंसुद्धा.

पुढे तीन दिवसांनी गजा टेंपो घेऊन आला. मी त्याच्यापुढेही केळं धरलं आणि पोटॅशियमपासून सुरुवात केली. तो म्हणाला, "दाजी, ह्ये तुमी शेटना नाय ना सांगितलंत? त्यांना डाक्तरनं केळं बंद केलंय. किडनीचं हाय त्यांचं. तुमाला कुनी बोललं नाय?" मला कुणी बोललं नव्हतं. मी तिथेच टेंपोच्या पायरीवर बसलो. मग तो सहज म्हणून पुढे म्हणाला की तुमच्या गोठ्यामागे रोज एक केळ्याचं साल पडलेलं दिसतं. क्षणभर मला आशा वाटली की केळं तुम्ही म्हशीला घालत असाल. पण म्हैस साल सोलून खात नाही, व्याहीबुवा. तुम्ही शब्दाचे पक्के आहात, अशी तुमची साऱ्या कर्जत तालुक्यात ख्याती आहे, आणि याच ख्यातीवर मी मुलगी दिली. तीच ख्याती आता माझ्या जिवावर उठली आहे. तुमच्या जिवावर असं लिहायला हात धजत नाही.

लगेच फोन केला. विहीणबाईंनी उचलला. शेठ कुठे आहेत विचारलं, तर म्हणाल्या, "झोपलेत. काय काम हाय का?" सकाळचे अकरा! ज्यांना पहाटे कोंबड्याला उठवायची सवय, ते अकराला झोपलेत! ओटीवरून कुणीतरी खोकलं, मी घाबरून पाऊसपाणी विचारलं (कार्तिकात) आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी फोन केला, तर तुम्ही रक्त तपासायला गेला होतात. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. खोपोलीला दाढेचं दुखणं दाखवायला जातो म्हणून घरी सांगितलं आणि तडक तुमच्या गावी आलो. हो, आलो होतो. वडापासून तुमचं अंगण दिसतं. बघतो तर अंगणात खुर्च्या मांडलेल्या, पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं माना खाली घालून गप्प उभी, आणि एक जण हातावर नारळ घेऊन सगळ्यांच्या पुढे हळूहळू चाललेला. तुम्ही कुठेच नाही. मी समजायचं ते समजलो. मी वडालाच हात जोडले आणि उलट्या पावली फाट्यावर आलो. तिथे एका बाकड्यावर बसून मी मोठ्याने रडलो. चहावाल्याने पाणी दिलं, आणि पैसे घेतले नाहीत, इतकं माझं तोंड वाईट दिसत असणार.

संध्याकाळी गजाने सांगितलं की तुम्ही बोअरिंगसाठी पाणाड्या बोलावला होता. जिथे हातावरचा नारळ उभा राहील तिथे पाणी, असं तो बघत होता, म्हणून सगळे गप्प होते. तुम्ही फणसाआड होतात. ऐकून मी आधी देवाला नमस्कार केला, आणि मग तुमच्या पाणाड्याला मनातल्या मनात जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. (पाणी लागलं का?)

हे घरात कुणाला बोलायची सोय नाही. रुचिताने साखरपुड्याच्या आदल्याच दिवशी बजावलं होतं की, बाबा, उद्या कुणाला आग्रह करू नका. ती तुम्हाला आत्ताच आप्पा म्हणते. दुपारी कामावरून जेवणाच्या सुट्टीत आईला फोन करते आणि मग तुम्हाला, आणि 'आप्पा असं म्हणाले, आप्पा तसं म्हणाले' हे आम्हाला रात्री ऐकायला लागतं. आधी मला थोडं लागलं, खोटं कशाला सांगू. पण आता वाटतं, पोरीला हाक मारायला एक माणूस वाढलं आहे. ते माझ्याच हाताने कमी झालं, आणि तेही तिचीच शपथ घालून, तर मी तिला तोंड कसं दाखवू? झोपेत मला नुसती सालं दिसतात.

म्हणून हे पत्र. घातलेली शपथ ज्याने घातली त्यानेच सोडवावी लागते, तर मी हे पूर्ण शुद्धीत, तोंडाने म्हणत म्हणत लिहितो आहे: सुटली, सुटली, सुटली. हे वाचताक्षणी हातात केळं असेल तर खाली ठेवा. तोंडात असेल तर थुंका, मला अपमान वाटणार नाही. डॉक्टरांना सगळं खरं सांगा, हवं तर माझं नाव घाला. रिपोर्ट आला की मला आकडे नकोत, फक्त डॉक्टरांचा चेहरा कसा होता ते कळवा. यापुढे मी जन्मात कुणाला शपथ घालणार नाही.

घरच्या सगळ्यांना ज्याचं त्याचं, म्हणजे मोठ्यांना नमस्कार आणि छोट्यांना पापा. तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
तुमचा व्याही, सखा

ता. क. गजाच्या टेंपोत केळ्याचा मोठा घड आहे. तो मी ठेवलेला नाही. मी पत्र लिहीत होतो तेवढ्यात आमच्या सौ. सोनुबाईंनी ठेवला, कारण व्याह्यांना आपली केळी फार आवडली, असं मीच तिला सांगितलं होतं. गजासमोर तोंडभरून कौतुक करा आणि तो गेला की म्हशीला घाला. सोनुबाईचा फोन येईल, तेव्हा किती खाल्ली ते विचारेल. दोन सांगा. जास्त सांगितलीत तर ती पुढचा घड उतरवेल.

ता. क. दुसरा. एवढं लिहिलंच आहे तर हेही लिहितो. माझी साखर वाढलेली आहे. ती खाली येईपर्यंत मलाही केळं बंद आहे, दिवाळीच्या आधीपासून. परसात घड पिकतात आणि मी दुसऱ्यांना खाऊ घालून समाधान मानतो, म्हणून माझी जीभ इतकी चालते. तुम्ही त्या दिवशी भरवलंत तेव्हा नाही म्हणवलं नाही, व्याह्यांचा मान. म्हणजे त्या फोटोत दोन म्हातारे एकमेकांना आपापलं पथ्य मोडायला लावून हसतायत आणि लोक टाळ्या वाजवतायत. विपुलने तो फोटो मोठा करून लग्नाच्या बॅनरवर घ्यायचं ठरवलं आहे. घेऊ दे. पण मांडवात आपण दोघांनी आग्रह फक्त तोंडाने करायचा. पेढा ओठांपर्यंत नेऊ आणि हळूच परत आणू.

ता. क. शेवटचा. शपथ घालणार नाही असं वर लिहिलं आहे ते खरंच आहे, फक्त ही एक घालू द्या. रुचिताच्या डोक्यावर अक्षता पडतील तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभे असायला हवे. तुम्हाला रुचिताची शपथ. ही मी सोडवणार नाही.