मागच्या ब्रेकच्या अहवालात एक ओळ वाढवण्याबाबत

दिनांक : २२ नोव्हेंबर १९९३

प्रति,
मा. परिवहन अधिकारी साहेब,
मोटार वाहन तपासणी शाखा,
जिल्हा आदिलाबाद (आंध्र प्रदेश)

अर्जदार : महिपत सोनबा डहाके, वय ५८ वर्षे, जिनिंग कारखान्यात फिटर होतो, आता घरीच, राहणार तामसी.

विषय : तपासणीच्या दिवशी माझ्या मोटारीला जे मागचे ब्रेक होते ते अपघाताच्या दिवशी नव्हते, अशी नोंद अहवालात करून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) मोटार तपासणी अहवाल, दि. २० एप्रिल १९९२.
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. लेखी उत्तर मिळालेले नाही.

महोदय,

मला तेलुगू बोलता येते, लिहिता येत नाही. मागचे तीन अर्ज कचेरीबाहेर बसणाऱ्या माणसाकडून तेलुगूत लिहून घेतले होते. ते नंतर वाचून घेतले तेव्हा कळले की, त्याने तिन्ही अर्जांत मी निर्दोष आहे असे लिहिले होते. तो नेहमी तसेच लिहितो. माझी मागणी उलटी आहे. म्हणून हा अर्ज मी स्वतः मराठीत लिहीत आहे. तो स्वीकारावा ही विनंती.

१) माझी मोटार १९५६ सालची आहे. कारखान्याच्या मालकांनी ती मोडीत काढली तेव्हा मी घेतली. १९८७ साली ऑक्टोबरमध्ये तिचा मागचा एक्सल तुटला. तसा दुसरा आदिलाबादेत मिळाला नाही, नांदेडलाही मिळाला नाही. गफूर मिस्त्री आणि मी मिळून तिला एका लिलावातल्या जीपचा एक्सल बसवला. स्प्रिंगच्या बैठका कापून नव्याने जोडल्या. जीपच्या एक्सलचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल, मधोमध नसून एका बाजूला असतो, त्यामुळे शाफ्ट थोडा तिरपा चालत असे, पण गाडी चालत असे.

त्या जीपचा हँडब्रेक चाकांत नव्हता. तो गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टवर होता. आम्ही फक्त एक्सल घेतला. त्यामुळे माझ्या मोटारीत हँडब्रेकची दांडी राहिली आणि तिला जोडायला मागे काही राहिले नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. मनकर्णेने विचारले तेव्हा पुढच्या महिन्यात करतो म्हणालो. तो महिना साडेचार वर्षांत आला नाही. एक्सल बदलल्याची खबर मी आपल्या कार्यालयालाही दिली नाही.

२) मनकर्णा माझी पत्नी. चढावर गाडी थांबली की मी ब्रेकवर पाय दाबून बसायचो आणि ती खाली उतरून मागच्या चाकाखाली दगड लावायची. गिअरमध्ये ठेवून भागत नव्हते, कारण इंजिन जुने होते आणि उतारावर गाडी हळूहळू मागे सरकायची. दगड नीट बसला की ती डिकीवर दोन थापा मारायची. मग मी पाय काढायचो. ही पद्धत माझी होती. तिने ती बिनतक्रार पाळली. फक्त एकदा शेजारच्या बाईजवळ म्हणाली होती, "आमच्या घरचा हँडब्रेक मीच हावो." ते ऐकून मीही हसलो होतो.

३) दिनांक १४ मार्च १९९२ रोजी आम्ही तिच्या माहेरी साक्षगंधाला निघालो होतो. इंद्रवेल्लीच्या पुढे चढावर लाकडाचा एक ट्रक अडकला होता, म्हणून मला मध्येच थांबावे लागले. मनकर्णा दगड घेऊन उतरली. मी आरशात पाहिले नाही. डिकीवर थाप पडली. ती एकच होती. वाकताना तिने आधारासाठी हात टेकला असेल. मला दुसरीसाठी थांबायला पाहिजे होते. मी पाय काढला.

ही गोष्ट मी पोलिसांच्या जबानीत सांगितलेली नाही. तेव्हा विचारले त्याला मी हो म्हणत गेलो. आधीच्या तीन अर्जांतही ही गोष्ट नाही. इथे पहिल्यांदा लिहीत आहे.

४) नऊ दिवसांनी मोटार मला जामिनावर परत मिळाली. आहे त्या स्थितीत ठेवावी अशी अट होती. ती अट मी मोडली. तेराव्यानंतर घरात बसवत नव्हते. हैदराबादच्या जुन्या बाजारात एका फुटलेल्या परदेशी गाडीच्या मागच्या डिस्क आणि कॅलिपर मिळाले. त्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकचा खटका असतो. जीपच्या एक्सलवर ते सरळ बसत नाहीत. मी दहा मिलिमीटरच्या पत्र्याचे दोन ब्रॅकेट कापले, डिस्कचे भोक हबच्या मापाने लेथवर वाढवले, दोन्ही बाजूंना डिस्क कॅलिपरच्या बरोबर मध्ये येईपर्यंत वॉशर घातले आणि हँडब्रेकची तार नवी ओढली. ड्रमसाठी मास्टर सिलिंडरजवळ जो छोटा व्हॉल्व्ह असतो तो काढावा लागला, नाहीतर ब्रेक डिस्कला धरूनच राहतो. सगळे मिळून अकरा दिवस लागले. गफूर मिस्त्री एकदाच बोलले, "महिपतभाऊ, आता कोनासाठी करून राह्यले?" अकरा दिवसांचे काम होते आणि मी साडेचार वर्षे केले नव्हते, एवढेच मला कळले.

५) दिनांक २० एप्रिल रोजी आपल्या कार्यालयाचे तपासणी साहेब आले. त्यांनी गाडी उतारावर उभी करून हँडब्रेक ओढला. गाडी जागची हलली नाही. त्यांनी लिहिले की मागचे डिस्क ब्रेक व हँडब्रेक उत्तम स्थितीत, मोटारीत दोष नाही. मी त्यांना सांगितले की हे नंतर बसवले आहे. ते म्हणाले की समोर दिसते ते लिहिणे हे त्यांचे काम आहे. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी खोटे काही लिहिलेले नाही.

६) या अहवालावरून पोलीस चौकशीचा निकाल लागला. मोटार चांगली आणि चालक जागेवर, म्हणून मयत मनकर्णा महिपत डहाके ही स्वतःच्या हलगर्जीपणाने गाडीच्या मागे जाऊन बसल्यामुळे मरण पावली, असे ठरले. प्रकरण बंद झाले. मला सोडून दिले.

तिच्या एकाही गोष्टीत हलगर्जीपणा नव्हता. कापूस वेचला तर बोंडात एक धागा ठेवत नव्हती. ती मागे गेली कारण मी तिला पाठवत होतो.

७) मनकर्णेची आई प्रयागबाई अजून हयात आहे. वय ऐंशीच्या वर. तिला वाचता येत नाही. तो निकाल तिच्या मुलाने, म्हणजे भगवंतरावाने, तिला वाचून दाखवला. आता त्यांच्या गावात सांगतात की मनकर्णा आपल्याच चुकीने गेली. बायका पोरींना सांभाळून राहायला सांगताना तिचे नाव घेतात. मी तिथे जाऊन प्रयागबाईच्या पायावर डोके ठेवले आणि हँडब्रेक नव्हता हे सांगितले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "तुमी जावई हा. तुमी तिच्या बाजूनंच बोलान. कागदावर मोहर हाय ना पन, बापा."

८) आपल्या कार्यालयात मी आजपर्यंत चौदा वेळा आलो. तामसीहून सकाळच्या बसने येतो. आवक-जावक पाहणारे गोपाळराव माझ्याशी चांगले वागतात. ते म्हणाले, "बाबा, लोक सुटासाठी चकरा मारतेत. तुमी अडकासाठी काऊन मारून राह्यले?" त्यांनी मला तोंडी सांगितले की प्रकरण बंद असल्यामुळे अहवालात बदल होत नाही. प्रकरण उघडायचे असेल तर अहवालात बदल झालेला पाहिजे. तो होत नाही, कारण प्रकरण बंद आहे. हे त्यांनी मला दोनदा नीट समजावून सांगितले.

जुने ड्रम मी पुरावा म्हणून पोत्यात घालून बसने आणले होते. ते व्हरांड्यात ठेवता येणार नाहीत, असे सांगण्यात आले. परत नेले. जीपच्या ड्रमला हँडब्रेकच्या तारेची जागाच नाही, हे कोणालाही नुसते पाहून कळेल. पण ते पाहण्यासाठी आधी अहवालात जुन्या ड्रमचा उल्लेख पाहिजे, आणि अहवालात डिस्कचा आहे.

डिस्क काढून पुन्हा ड्रम बसवतो आणि गाडी त्याच चढावर नेतो, असेही मी म्हणालो होतो. एका साहेबांनी रस्त्याच्या कडेला उभे राहावे. मी पाय काढीन. गाडी मागे जाईल ती त्यांनी पाहावी. गोपाळराव म्हणाले की, ब्रेक नसलेली गाडी रस्त्यावर आणायची परवानगी कोणी देत नाही. ते बरोबर आहे. साडेचार वर्षे ती मी विनापरवानगी आणत होतो.

९) तरी माझी विनंती अशी की, अहवालाखाली एक ओळ वाढवावी : "हे ब्रेक अपघाताच्या दिवशी मोटारीला नव्हते." बिनपरवाना एक्सल बदलला, जामिनाची अट मोडली आणि पाय काढला, या तिन्हीबद्दल कायद्यात असेल ती शिक्षा मला मंजूर आहे. मोटार जप्त करावी. कोणी वकील माझ्याकडून उभा राहणार नाही.

१०) हे होणार नाही, हे मला माहीत आहे. गोपाळरावांनी सांगितले आहे आणि तेही माझ्या भल्यासाठीच सांगतात. म्हणून दुसरी विनंती करतो.

अर्ज नामंजूर करावा, पण लेखी करावा. कारखान्यात मी असे हुकूम पाहिले आहेत. त्यात आधी अर्जदाराचे म्हणणे लिहितात आणि नंतर नामंजूर असे लिहितात. तसेच करावे. सुरुवातीला एवढे लिहावे : "अर्जदाराचे म्हणणे असे की, मोटारीला हँडब्रेक नव्हता, ब्रेकवरचा पाय त्याने काढला, आणि त्याची पत्नी मनकर्णा हिची काही चूक नव्हती." त्यात आपल्या कार्यालयाला काही कबूल करावे लागत नाही. म्हणणे माझे आहे. त्याखाली अर्ज फेटाळल्याचे लिहून सही करावी आणि गोल मोहर मारावी.

तो कागद घेऊन मी प्रयागबाईकडे जाईन. आधी मोहर दाखवीन. मग मनकर्णेच्या नावाची ओळ वाचून दाखवीन, आणि तिथेच वाचणे थांबवीन.

आपल्या नकाराची वाट पाहणारा,
(सही)
महिपत सोनबा डहाके

सोबत :
१. तपासणी अहवालाची नक्कल.
२. पोलीस निकालाची नक्कल. (यातील हलगर्जीपणाच्या, म्हणजे आठव्या ओळीवर मी पेन्सिलने खूण केली आहे. मूळ कागदावर नाही.)
३. गफूर मिस्त्री यांचे म्हणणे, हिंदीत, अंगठ्यासह.
४. जुने ड्रम, नग दोन. आणलेले नाहीत. मागितल्यास त्याच दिवशी आणीन.
५. स्वतःच्या पत्त्याचा, तिकीट लावलेला लिफाफा.