शंभरावा गोल

सोमवार, ४ मार्च
क्लबचा फोन. मैदानाच्या दारावर माझी पाटी लावणार — ‘डग प्रेस्टन, १०० गोल’. मॉरीन सगळ्या गल्लीला सांगून आली. "नवऱ्याचं कौतुक बघायला सत्तरी उलटावी लागली!"

मी चहा ढवळत बसलो. नव्व्याण्णवच आहेत.

मंगळवार, ५ मार्च
चाळीस वर्षं कुणापाशी बोललो नाही, वहीला तरी सांगू. मोसमातला शेवटचा सामना. कॉर्नर आला, नेव्हने डोकं घातलं, चेंडू माझ्या कानाजवळून जाळ्यात. मला शिवलासुद्धा नाही! तरी हात वर करून धावलो मीच. आम्हा स्ट्रायकरांची खोडच ती — जाळं हललं की हात वर. आणि स्टँडमध्ये बाबा. खाणीतल्या धुळीने छाती पोखरलेली, चार पावलांत धाप लागायची. ते उभे राहून टोपी हलवत होते. बाबांनी बघितलेला माझा शेवटचा सामना. हात खाली घ्यायला धीरच झाला नाही.

नेव्ह आमचा बचावपटू, माझा जिवलग. चारशे सामने खेळला, नावावर गोल शून्य. त्या उन्हाळ्यात मी क्लब बदलला आणि पुन्हा त्याला तोंड दाखवलं नाही. त्याच्या पोरीच्या लग्नाचं बोलावणं आलं, तर गुडघा दुखतो म्हणून कळवलं. लाज वाटते लिहितानासुद्धा.

शनिवार, ९ मार्च
नेव्हच्या गल्लीपर्यंत गेलो. कोपऱ्यावर तळलेला मासा आणि चिप्स खाल्ले, परत आलो. भित्रा!

गुरुवार, १४ मार्च
मॉरीनला सांगितलं. ती म्हणाली, "जा आणि बोलून ये. पेनल्टी मारताना कधी पाय लटपटले नाहीत तुझे!"

रविवार, १७ मार्च
गेलो. नेव्ह वाळलाय, काठी घेऊन चालतो. एका दमात सगळं सांगून टाकलं. माफ कर म्हणालो. त्याने ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "गुडघा कसा आहे आता?"

सोमवार, १८ मार्च
सकाळी नेव्हचा फोन. "काल बोलवेना. अरे, त्या दिवशी सामना संपल्यावर तू बाबांकडे पळालास आणि क्लबचा सेक्रेटरी गोलांची वही घेऊन आमच्या आंघोळीच्या हौदापाशी आला. ‘नेव्ह, तुझा लिहू ना गोल?’ मीच म्हणालो, डगचा लिहा, त्याचे वडील आलेत. गोलाचं काय घेऊन बसलास? लग्नात तुझी खुर्ची शेवटपर्यंत धरून ठेवली होती मी."