बंद मळ्याबद्दल दिल्लीहून

एतवादादा,

तुला आणि फुलो वहिनीला जोहार. माझी तब्येत बरी आहे. दोन्ही वेळा भात मिळतो, खोलीत पंखाही आहे, तेव्हा वहिनीला म्हणावं, काळजी करू नकोस.

काल लोकसभेत मला बोलायला मिळालं. आमचा चहामळा मालकानं बंद केलाय, लोक चहाची फुलं उकडून खाताहेत, असं मी सरळ सांगितलं. सगळे शांतपणे ऐकत होते. मंत्री म्हणाले, "राज्याकडून माहिती मागवली आहे." मग दुसराच विषय निघाला.

बाहेर आल्यावर आपल्या मालकानंच मला गाठलं. तोही आता खासदार झालाय ना. "छान बोललात हो चारवाजी! या, चहा घेऊ," म्हणाला आणि खांद्यावर हात ठेवला. मी युनियनचा झेंडा घेऊन मळ्याच्या फाटकावर उभा राहिलो की याच माणसाला घाम फुटायचा. इथं त्याला माझी जराही भीती वाटत नाही. मी चहा घेतला, दादा.

बुधनीकाकीचा खोकला कसा आहे? मळ्याच्या दवाखान्याला अजून कुलूपच आहे का?

लोक रोज फाटकाशी बसून माझ्या निरोपाची वाट बघतात, असं तू लिहिलंस. आता त्यांना उठव. ज्यांच्या अंगात बळ उरलंय त्यांनी नदीवर खडी फोडायच्या कामाला जावं. चारवानंच सांगितलंय असं म्हण, नाहीतर ते उठायचे नाहीत.

तुझा धाकटा,
चारवा