फळीवरचा ओघळ

१३ जानेवारी, सोमवार

नाही म्हणजे नाही! तो ओघळ माझा नाही.

आज खरवईला गुरुदत्त सरांची भट्टी उघडली. मधल्या फळीवर वितळलेल्या ग्लेझचं, भांड्यांवरच्या त्या काचेरी रंगाचं, हे एवढं डबकं — तपकिरी, आणि त्यात एका वाडग्याचं बूड तुटून अडकलेलं. सरांनी सगळ्यांदेखत माझ्याकडे पाहिलं. "शलाका, तुझं ग्लेझ वाहतं. पुन्हा फळी खराब झाली तर तुझी भांडी माझ्या भट्टीत लागणार नाहीत."

माझं ग्लेझ वाहतं, कबूल. मला ते वाहायलाच हवंय, तशाच तर त्या हिरव्या धारा येतात. पण म्हणूनच मी प्रत्येक भांड्याखाली मातीची चकती ठेवते. थेंब पडला तर चकतीवर, फळीवर नाही. चकत्या दाखवल्या. हिरवे थेंब सगळे तिथेच! तपकिरीची बादली सामाईक आहे, कुणीही असेल. तर सर म्हणे, तापात रंग बदलतात.

१४ जानेवारी

कुंदाकाकूंनी तिळगूळ पाठवला. गोड बोला म्हणे. आधी तुमच्या नवऱ्याला सांगा!

१८ जानेवारी, शनिवार

गेलेच. जाणार नाही असं सगळ्यांना वाटलं असणार. बदलापुरात मला दुसरी भट्टी नाही, आणि असती तरी गेले नसते — पळाली म्हणाले असते.

ती फळी मीच घासायला घेतली. चष्मा, मास्क, छिन्नी. काच निघता निघेना. निघाली तसा खालचा पांढरा लेपही सुटला. ग्लेझ फळीला चिकटू नये म्हणून हा लेप देतात — पातळ! इथे मात्र भाकरीएवढा जाड, थरावर थर, पापुद्रे निघालेले. जाड लेप सुटतो आणि खालच्या भांड्यांवर पडतो, हे पहिल्याच दिवशी आम्हाला बजावणारे हेच सर. लोका सांगे ब्रह्मज्ञान! सगळं खरवडून मी दोन पातळ हात दिले.

काकू चहा घेऊन आल्या. फळीकडे बघत राहिल्या. बरं केलंस म्हणाल्या. चेहरा उतरलेला होता, पण मी फुगलेली. विचारलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार

आज भट्टी भरायची. मुद्दाम सगळ्यांच्या आधी गेले — चोर पकडायचाच होता.

शेडमध्ये सर एकटेच. वाडगा चिमट्यात धरून तपकिरी ग्लेझमध्ये बुडवला, निथळला, पाटावर ठेवला. आतून काकूंनी हाक मारली. "आलो," म्हणाले, वळले, आणि तोच वाडगा उचलून पुन्हा बुडवला. मला वाटलं, दुसरा हात देतायत. पाटावर ठेवला. जरा थांबले. परत उचलला, परत बुडवला. वाडग्यावर सायीसारखा जाड थर. असलं ग्लेझ भट्टीत अंगावर राहतं होय?

सापडला चोर.

काकू दारात उभ्या होत्या. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "चहासुद्धा दोनदा मागतात आता. कुणाला बोलू नकोस गं. आमच्या मुलांना कळलं तर भट्टी बंद करायला लावतील. मग हे काय करतील दिवसभर?"

फळीवरचा तो जाड लेप एकदम डोळ्यांसमोर आला. दिलेल्या लेपावर पुन्हा लेप, पुन्हा लेप. आणि मी हसले होते. फार वाईट वाटलं.

बंद करतायत भट्टी! बघू कोण करतं ते.

सर फळ्या लावायला वाकले होते. मी मागून त्यांच्या एकेका वाडग्याखाली चकती सरकवली. माझ्यातल्या मोठ्यात मोठ्या.

२७ जानेवारी, सोमवार

चकत्यांवर तपकिरी डबकी. एका ठिकाणी काठ ओलांडून फळीवर आलंच. सरांनी विचारायच्या आत मी म्हणाले, "माझं आहे ते."

सर रागावले नाहीत. पलीकडची एक चकती उचलली, उलटीपालटी करून बघितली. "अगं, वाहतं ग्लेझ असलं की अशी चकती ठेवायची खाली. तुला कुणी शिकवलं नाही का?"

"नाही सर," मी म्हणाले. "शिकवा ना."