मग तुला कोणी वाढवलं?

४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भिंगरीला तुझ्याकडे सोडून परत आलो, तर घर इतकं शांत की भिंतीवरच्या घड्याळाचा राग आला. सौ.ला डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत पलंगावरून उठायची बंदी केली आहे. रक्तदाब चढाच आहे. मी ऑफिसातून सारखा फोन करतो. ती म्हणते, फोन घ्यायला कुशीवर वळावं लागतं, त्यानंच माझा रक्तदाब वाढतो.

निघायच्या गडबडीत सांगायचं राहिलं ते लिहितो. भिंगरीनं एकटीनं रस्ता ओलांडायचा नाही. भट्टीपाशी जायचं नाही. पीठ मळायच्या यंत्राच्या आसपासही फिरकायचं नाही. माळ्याची शिडी, पाण्याची टाकी, शेजारचा कुत्रा, सगळ्यांपासून लांब. सायकल तर नकोच नको. तू हसशील. पण ताई, लिफ्ट तपासणं हे माझं काम आहे. सगळे जेव्हा म्हणतात की दोर भक्कम आहे, तेव्हा तो कुठे विरलाय ते मला बघावं लागतं. ही खोड घरी आल्यावर उतरवून ठेवता येत नाही.

आणि एक विनंती. पाकिटावर ‘चि. पिल्लू’ असं लिहू नकोस. पोस्टमन मला त्याच नावानं हाक मारायच्या बेतात आहे. अकरा वर्षांच्या मुलीचा बाप आहे मी.

तुझा लोभ आहेच, त्यासोबत नजरही असू दे.
तुझा धाकटा भाऊ


१० एप्रिल

चि. पिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तुझं चांगलं नाव घातलंय. आतल्या कागदावर मात्र माझं राज्य आहे.

तुझं फर्मान पोचलं. ते मी भिंगरीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग श्वास घ्यायचा की तोही नको.

अरे, या पोरीला भिंगरी म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं? पहिले काही दिवस ती पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेला टेकून होती. पाणी पिऊ का, विचारायची. खिडकी उघडू का, विचारायची. शेवटी मी तिच्या हातात मळलेल्या पिठाचा गोळा दिला. म्हटलं, याला ऊब लागते नि वेळ लागतो, बाकी काही नको. तिनं तो ओल्या फडक्याखाली झाकला आणि घटकेघटकेला फडकं उचलून बघत बसली. अगदी बापावर गेली आहे. मी सांगितलं, सारखं उघडून बघितलं तर पीठ फुगत नाही बाई. हे तुलाही लागू आहे, पण तू कशाला मनावर घेशील!

समोरच्या चष्मेवाल्याकडे पाव पोचवायला ती आता एकटी जाते, रस्ता ओलांडून. मी दारात उभी असते, हे तिला माहीत नाही. भट्टीवाल्या काकांनी (तेच, आपल्या अण्णांच्या वेळचे, आता कान गेलेत पण नाक शाबूत आहे, पाव करपायला लागला की सगळ्यांच्या आधी त्यांना कळतं) जुनी सायकल पुसून तिला दिली. परवा पडली. गुडघा फुटला. रडली नाही. आधी सायकलला काय झालं ते बघितलं.

सौ.ला म्हणावं, काळजी करायचं काम नवरा चोख करतोय, तू खुशाल झोप.

तुमच्यावर जीव आहेच, तो काही पत्रागणिक लिहायला नको.
ताई


२२ एप्रिल

चि. पिल्लूस,
अ. आ.

आधी हे वाच: भिंगरी बरी आहे.

काल सकाळी तिचा उजवा तळहात भाजला. भट्टीपाशी गेली नव्हती. नुकताच काढलेला ट्रे मी टेबलावर ठेवला आणि गिऱ्हाइकाकडे वळले. मला मदत करावी म्हणून तिनं तो फडकं न घेताच उचलला. मी तिचा हात लगेच गार पाण्याखाली धरला आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. फोड आले आहेत, पट्टी बांधली आहे. डॉक्टर म्हणाले, कातडी भरून येईल, खूणही राहणार नाही. ती रडली, मग माझ्याच मांडीवर झोपली.

ट्रे तिच्या हाताशी ठेवायला नको होता. मी ठेवला. तुला फोनवर सांगणार होते, पण तू पुढचं काही ऐकलं नसतंस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं.

सौ.ला कळवायचं की नाही, ते तू ठरव.
ताई


२६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. सौ.ला काल दवाखान्यात हलवलं. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. मला इथून हलता येत नाही, नाहीतर आजच येऊन मुलीला घेऊन गेलो असतो.

मी काय नको म्हणून लिहिलं होतं? तू ते मोठ्यानं वाचून हसलीस. तुला सगळ्याचीच गंमत वाटते. स्वतःचं मूल असतं तर कळलं असतं.

चांगली सोबत बघून भिंगरीला लवकरात लवकर पाठवून दे.
भाऊ


१ मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. (आत्या म्हणते असं लिहायचं असतं.)

मी डाव्या हातानं लिहिते आहे म्हणून अक्षर असं पडलंय. हात आता दुखत नाही, नुसता खाजतो.

तुमचं पत्र आलं तेव्हा आत्या पीठ चाळत होती. तिनं उभ्याउभ्याच वाचलं आणि घडी करून एप्रनच्या खिशात ठेवलं. त्या दिवशी पिठात मीठ घालायला विसरली. सगळे पाव अळणी झाले. चष्मेवाले परत द्यायला आले तर आत्या त्यांना म्हणाली की आज असेच केलेत. मी विचारलं, बाबा रागावलेत का? ती म्हणाली, नाही गं, घाबरलाय.

मग मी भट्टीवाल्या काकांना विचारलं की आत्याला काय झालंय. त्यांना ऐकू येत नाही म्हणून ओरडून विचारायला लागलं, पण आत्या तेव्हा दुकानात होती. ते म्हणाले, तुझ्या बापानं काहीतरी लिहिलं असेल, तिला दुसरं कोण एवढं लागतं. मग त्यांनी सांगितलं की तुम्ही जन्मलात आणि त्याच दिवशी तुमची आई गेली. ते मला ठाऊक होतं. पण पुढचं नव्हतं. तुम्ही इतके लहान होता की आत्या तुम्हाला पावाच्या ट्रेमध्ये चादर घालून त्यात ठेवायची. जिथे पीठ फुगायला ठेवतात त्या फळीवर, कारण तिथे ऊब असते. एका हातानं ती गोळे वळायची आणि दुसऱ्या हातानं तुम्हाला थोपटायची. आजोबा भट्टीशी असायचे. कुणाशी बोलायचे नाहीत.

काका म्हणाले, तेव्हा ती तुझ्याएवढीच होती. मी विचारलं, म्हणजे केवढी? तर म्हणाले, अकरा. टेबलाला हात पुरावा म्हणून ती खोक्यावर उभी राहायची. बाबा, मी त्या टेबलापाशी उभी राहून बघितलं. मला खोकं लागत नाही. मी शाळेचं विचारलं तर ते म्हणाले, सुटली.

संध्याकाळी मी आत्याला विचारलं, की बाबांना तू वाढवलंस, मग तुला कोणी वाढवलं? ती म्हणाली, ट्रे काढायची वेळ झाली. पण वेळ झाली नव्हती. मला आता कळतं. पाव वरून तांबूस झाल्याशिवाय काढत नाहीत.

आई कशी आहे? मला पाठवा असं तुम्ही लिहिलंय का? मला इथून यायचं नाही आणि आईकडे यायचं आहे. दोन्ही.

तुमची
भिंगरी


५ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे. भिंगरीचं पत्र काल आलं.

माझ्या डोक्यात तू कायम मोठीच आहेस. तुझ्या कडेवर बसून मी जग बघितलं. कडेवरच्या पोराला उचलणारा माणूस लहान कसा दिसेल? तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस हे मला माहीत होतं, जसं शाळेतलं एखादं सन माहीत असतं तसं. अकरा वर्षं म्हणजे केवढं, ते भिंगरीनं त्या टेबलापाशी उभं राहून मला दाखवलं. तिच्या वेण्या अजून तिची आई घालते. दूध गरम करायला मी तिला गॅसजवळ जाऊ देत नाही. आणि तुझ्या हातात सगळ्यांनी मला दिलं, तेही पहिल्या दिवसाचं.

मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. दुसऱ्या कुणाची माफी मागता आली असती. तुझ्याकडे ती कशी मागायची ते मला येत नाही. लहानपणी मी काही फोडलं की गुपचूप तुझ्या पाठीमागे येऊन उभा राहायचो, आणि तू वळून न बघता हात मागे करायचीस. आताही तसाच येऊन उभा आहे असं समज.

मला भीती वाटते ताई. डॉक्टर आता फार थांबणार नाहीत म्हणतात. मी जन्मलो तेव्हा काय झालं, तेच डोळ्यांपुढे येतं. सौ.समोर मी हसतो, बाहेर आलो की या बाकावर येऊन बसतो.

भिंगरीला पाठवू नकोस. राहू दे तुझ्यापाशी.

तुझा लोभ कमी झाला असेल तर तो माझाच गुन्हा आहे.
पिल्लू


९ मे

चि. पिल्लूस,
अ. आ.

हात मागे केलाय. धर.

आता नीट ऐक. शाळा सुटली याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. खोटं कशाला बोलू? रस्त्यानं दप्तरं घेतलेल्या मुली निघाल्या की मी दुकानाच्या आतल्या बाजूला जायची. पण ते तुझ्यामुळे नव्हतं रे. मला कुणी विचारलं नाही, त्याचं होतं. अण्णा तरी काय करणार, त्यांचं घरच बसलं होतं. भट्टी विझली असती तर तिघंही उपाशी मेलो असतो. आणि तू काही नुसतं ओझं नव्हतास. पिठानं पांढरा झालेला तू ट्रेमधून माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसलास, तेव्हा मी काकांना ओरडून बोलावलं होतं. तेव्हा त्यांना ऐकू यायचं.

भिंगरीला मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही, कारण मला ते येत नव्हतं. परवा दिलं. म्हटलं, थोडं अण्णांनी, थोडं काकांनी. वेण्या चष्मेवाल्याची आई घालायची. उरलेली अजून वाढायची आहे. त्यावर बाईसाहेब म्हणाल्या, मग सायकल शिक. एका हातानं शिकवते मला, रोज संध्याकाळी. गल्लीतली सगळी पोरं बघायला जमतात. काल तिनं न सांगता सोडलं आणि मी चष्मेवाल्याच्या पायरीवर जाऊन आपटले. आता मी एकटीनं सायकल चालवायची नाही असं फर्मान निघालं आहे.

तिला कामाची हौस आहे, ती मारू नकोस. दूध तापवू दे, शेजारी उभा राहा. मला सगळं एकदम अंगावर आलं म्हणून तिच्या वाट्याला काहीच येऊ नये, हेही बरं नाही. तिला काम दे, पण खोक्यावर चढावं लागेल एवढं देऊ नको.

आणि सौ.जवळ जाऊन बस. तपासायला नको, नुसता बस. तुला भीती वाटते ते तिला सांग. तिला ते कळलेलं नाही असं तुला वाटत असेल तर तू खरोखरच पिल्लू आहेस.

लोभाचं म्हणशील तर तो कमी-जास्त करणं माझ्या हातात कधी नव्हतंच.
ताई


१८ मे

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर यांनी तुम्हाला मुलगी झाली एवढंच सांगितलं आणि रडू आलं म्हणून ठेवून दिला. म्हणून सगळं लिहिते. खरं म्हणजे पत्र यांनी लिहायचं, पण हे धाकटीजवळून उठत नाहीत.

मंगळवारी माझा रक्तदाब एकदम चढला आणि डॉक्टरांनी ऑपरेशन करायचं ठरवलं. नेण्याआधी यांनी माझा हात धरून सांगितलं की मला फार भीती वाटते आहे. मी म्हटलं, मलाही. एवढं बोलून झाल्यावर दोघांनाही जरा सुटल्यासारखं झालं. नाहीतर आठवडाभर हे माझ्याकडे बघून इतके हसत होते की मला वाटलं, माझं काही खरं नाही. आता मी बरी आहे. धाकटी दिवस भरायच्या आधी आली म्हणून अगदी मूठभर आहे, पण आवाज ऐकाल तर म्हणाल, ही भिंगरीच्या वरताण निघणार. तिला अजून काही आठवडे इथेच ठेवणार आहेत.

भिंगरीच्या हाताचंही यांनी आता मला सांगितलं. मी रागावले, तुमच्यावर नाही, मला अंधारात ठेवलं म्हणून यांच्यावर.

आता मुख्य गोष्ट. लहान बाळांच्या खोलीत आईवडिलांखेरीज कुणाला सोडत नाहीत. इथल्या मोठ्या सिस्टर फार कडक आहेत. माझा भाऊ आला होता, त्याला काचेबाहेरूनच परत पाठवलं. फक्त आजी असेल तर तिला आत घेतात, कारण मला अजून फार वेळ बसवत नाही आणि बाळाला कुणीतरी छातीशी धरून बसावं लागतं, अंगाची ऊब मिळावी म्हणून. सिस्टरनी काल यांना विचारलं, घरून कुणी येणार आहे का. हे म्हणाले, बाळाची आजी येणार आहे. मी चकित होऊन बघितलं. माझी आई जाऊन किती वर्षं झाली, हे यांना माहीत आहे. सिस्टरनी विचारलं, कुणाची आई, हिची की तुमची?

हे म्हणाले, माझी आई.

ताई, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे दोन शब्द मी यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. सांगून झाल्यावर हे पुन्हा धाकटीकडे वळले, जसं काही विशेष बोललेच नाहीत. सिस्टर म्हणाल्या, मग त्यांना लवकर बोलावून घ्या.

तेव्हा दुकान काकांवर सोपवा आणि भिंगरीला घेऊन निघा. आम्ही वाट बघतो आहोत, लोभाचं बाकी सगळं समोरासमोर बोलू.

तुमची
धाकटी भावजय