पत्रात रेखा कुटंय?

प्रिय आई,

सासूबाई म्हटलं की तुम्ही फणकारायचात, म्हणून आईच. आज लिहायला बसले ते रेखाच्या फोनमुळं. तुमचं सगळं करायला आपल्याकडं दीड वर्ष राहिलेली रेखा आता चांदे गावात एका आजोबांना सांभाळते. म्हणाली, "वहिनी, दोन महिने झाले, एक दिवस सुट्टी न्हाई. आजींनी सांगितलेलं तसं एक पत्र पेपरात लिहा की." मी हो म्हणून बसले आणि तेव्हापासून डोकं चालेना.

कारण पेपरात आलेलं ते पत्र तुमचं नव्हतंच. माझं होतं!

तुमचं अर्धं अंग गेलं तरी तोंड शाबूत होतं. घोटावड्याच्या रस्त्यातल्या खड्ड्यांवर आपण आधी पेपरला दोन पत्रं धाडलेली, तुम्ही सांगायचात नि मी लिहायची. त्या दिवशी म्हणालात, "लिही. रेखा माझं हगणं-मुतणं काढती. पोटच्या पोराला किळस येती, तिला येत न्हाई. तिला सुट्टी न्हाई. आन् आमच्याच घरात तिचा कप निराळा. लिही की गं, थांबलीस का?"

थांबले, कारण तो कप मीच ठेवलेला. काठाचा टवका उडालेला, मोरीवरच्या फळीवर. मुद्दाम ठेवला होता का? देवाशप्पथ, मला आजही कळत नाही. माहेरी कामाच्या बाईचा कप वेगळाच असायचा, हात आपोआप तिकडं गेला. पण हात माझाच ना?

मग मी लिहिलं, 'वयोवृद्धांची अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्या भगिनींचा समाजाने यथोचित सन्मान करावा.' खाली तुमचं नाव. छापून आलं तेव्हा मी काय हरखले होते! शेजारच्या काकूसुद्धा म्हणाल्या, काय भाषा आहे!

तुम्ही ते रेखालाच वाचायला लावलंत. तिनं अडखळत सगळं वाचलं आणि विचारलं, "छान हाय. पण हे कुणाबद्दल हाय, आजी?"

तुम्ही माझ्याकडं बघून एवढंच म्हणालात, "व्हय गं, पत्रात रेखा कुटंय?" मी चहा टाकायच्या निमित्तानं आत पळाले. आई, शिव्या तरी घालायच्या होत्यात! भाजीत मीठ कमी पडलं तर अख्ख्या आळीला ऐकवायचात, मग तेव्हाच का गप्प बसलात?

त्या दिवशी रेखाला चहा मी आपल्यातल्याच कपातून दिला. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच फळीवरचा कप काढून घेतला. रागानं, की सवयीनं? विचारायचं राहूनच गेलं. आणि तुम्ही गेलात, तुमच्याशी बोलायचंही राहिलं.

आता काय लिहू? खरं लिहावं तर चांद्याची माणसं ओळखतील आणि तिचं काम जाईल. गोड लिहावं तर ती परत विचारेल, हे कुणाबद्दल हाय. शिवाय जे पत्र तिला तेव्हा उमगलं नाही, तसलंच तिला आता कशाला हवंय? दुपारभर घोळत बसले. भात करपला.

मग एकदम ध्यानात आलं. ती 'लिहिलेलं' म्हणालीच नाही. 'सांगितलेलं' म्हणाली. म्हणजे तुम्ही सांगत होतात तेव्हा ती दाराशीच होती. फळीवरच्या कपाचंही तिनं ऐकलं, आणि तरी मला वहिनी म्हणते. मला हसावं का रडावं ते कळेना.

चांद्याचं नाव घेणार नाही. सुरुवात आपल्याच घरापासून करीन, कपापासून. तुमचे शब्द तुमच्यासारखेच ठेवीन, हगणं-मुतणंसुद्धा. लोक नाकं मुरडतील, मुरडू देत. पाठवायच्या आधी फोनवर रेखाला वाचून दाखवीन. "व्हय वहिनी, ह्यात मी हाय," असं ती म्हणाली तरच पाकीट बंद करीन, हा माझा शब्द.

आणि ह्या वेळी खाली नाव माझं.

तुमची सून,
मंगल